नदीकाठच्या माणसाचं ‘नाही’ ऐकावंच लागेल

“कोनाले ना कोनाले तं सोसाच लागते नं भाऊ!” धरणाचा विषय निघाला की चांदूर रेल्वेच्या स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीपासून अमरावतीच्या वकिलांच्या बैठकीपर्यंत हे वाक्य ऐकू येतं. बोलणारा माणूस दुष्ट नसतो. तो शेतकरी असतो, मास्तर असतो, निवृत्त कारकून असतो. पण एक गोष्ट त्याच्या मनात पक्की असते. सोसणारा तो स्वतः नाही. बुडणारं गाव त्याचं नाही, शेत त्याचं नाही, पाण्याखाली जाणारं मारोतीचं देऊळ त्याच्या वेशीवरचं नाही. दुसऱ्याच्या वाटचं दुःख मंजूर करून टाकणाऱ्या या वाक्याची मला चीड आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोठ्या जलविद्युत धरणाला नदीकाठचे लोक विरोध करत असतील, तर मी त्यांच्या बाजूचा आहे. पुनर्वसनाचं पॅकेज बरं की वाईट, मोबदला किती, नोकरी कुणाला, हे सगळे नंतरचे प्रश्न आहेत. आधीचा प्रश्न एकच. ज्याचं गाव पाण्याखाली जाणार आहे, त्याला ‘नाही’ म्हणायचा हक्क आहे की नाही? माझ्या मते आहे. आणि त्याने ‘नाही’ म्हटल्यावर त्या गावात सर्वेक्षणाची खुंटीसुद्धा ठोकली जाता कामा नये.

आम्ही वऱ्हाडातली माणसं जमिनीच्या बाबतीत कशी आहोत, हे आम्हाला कुणी सांगायला नको. शेजाऱ्याने हातभर धुरा कोरला, तर भावाभावांत बोलणं बंद होतं. मोजणी येते, तलाठी येतो, पंच येतात, मग कोर्टाच्या तारखा सुरू होतात. आजाने लावलेली केस नातू लढतो. त्या हातभर मातीत पीक किती येणार, हा हिशेब कुणी करत नाही, कारण प्रश्न पिकाचा नसतो. माझ्या जमिनीला मला न विचारता हात लावला, हा अपमान असतो. इतकी धग ज्याच्या अंगात आहे, तोच माणूस नर्मदेकाठच्या पावरा आदिवासीला अख्खं गाव सोडून जायला सांगतो. ही देशसेवा नव्हे. जे आपलं नाही, ते परस्पर देऊन टाकणं आहे.

नर्मदेवरच्या सरदार सरोवराचं उदाहरण घेतो, कारण त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे आणि आपण तो सोयीने विसरलो आहोत. ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंनी नवागामजवळ कोनशिला बसवली. १९६९ मध्ये नर्मदा पाणी तंटा लवाद नेमला गेला आणि डिसेंबर १९७९ मध्ये त्याचा अंतिम निवाडा आला. दहा वर्षं राज्यांचे वकील भांडले. कुणाला किती पाणी, कुणाला किती वीज, खर्च कुणी किती उचलायचा, भिंत किती उंच, सगळं आकड्यांत ठरलं. लवादापुढे पक्षकार होती ती राज्यं. ज्यांची घरं बुडणार होती ते भिल्ल, पावरा, तडवी लोक पक्षकार नव्हते.

निवाड्याने विजेचा ५७ टक्के वाटा मध्य प्रदेशाला दिला, २७ टक्के महाराष्ट्राला आणि १६ टक्के गुजरातला. आपल्या २७ टक्क्यांच्या बदल्यात आपली ३३ गावं बुडीतात गेली. मध्य प्रदेशची १९३ आणि गुजरातची १९ गावं वेगळी. ही ३३ गावं तेव्हाच्या धुळे आणि आताच्या नंदुरबार जिल्ह्यातली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. व्यवहार असा झाला की वीज राज्याची आणि बुडणं सातपुड्याचं. ती वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते. तिचा कुठला युनिट मुंबईत जळला आणि कुठला चांदुरात, हे कुणाला दाखवता येणार नाही. म्हणूनच तिचं देणं राज्यातल्या प्रत्येक मीटरवर आहे. माझ्या घरच्या मीटरवरही आहे.

आता पहिला आक्षेप येतो. “पण त्यांना जमीन दिली की सरकारने!”

काय द्यायचं ठरलं होतं ते आधी पाहा. लवादाचा निवाडा कागदावर चांगला होता. जमिनीला जमीन, बाधित खातेदार कुटुंबाला किमान २ हेक्टर, सज्ञान मुलगा वेगळं कुटुंब धरायचा, आणि हे सगळं बुडीत येण्याच्या निदान एक वर्ष आधी पुरं करायचं. हा शब्द पाळला असता, तर त्या ३३ गावांतल्या मणिबेलीच्या लोकांना १९९३ च्या पावसाळ्यात पोलिसांच्या बंदोबस्तात घराबाहेर काढायची वेळ आली नसती. त्याच वर्षी नोव्हेंबरात, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात चिंचखेडीला पोलीस गोळीबार झाला आणि रेहमल वसावे हा कोवळा आदिवासी पोरगा मेला. पुनर्वसनाची जमीन कमी पडली म्हणून सरकारने तळोद्याचं राखीव जंगल मोकळं केलं. आदिवासीला बसवायला आदिवासीचंच जंगल तोडलं. १९९९ मध्ये डोमखेडी गावचे लोक घरात चढणाऱ्या पाण्यात उभे राहिले, कारण मागे सरकायला त्यांना दिलेली जागाच नव्हती.

हे आंदोलनवाल्यांचं म्हणणं म्हणून झटकून टाकायची सोय नाही. जागतिक बँकेने या प्रकल्पाला १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. विरोध वाढला तेव्हा बँकेनेच ब्रॅडफर्ड मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमली. ही समिती खोऱ्यात हिंडली आणि जून १९९२ मध्ये तिने अहवाल दिला. चालू परिस्थितीत विस्थापितांचं पुनर्वसन शक्य नाही आणि पर्यावरणाचा विचार नीट झालेला नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. कर्ज देणारी बँक मागे हटली, पण आपलं राज्य हटलं नाही. पुढच्या वर्षी जगातल्या ४४ देशांतल्या संघटनांनी मोठ्या धरणांना बँकेने पैसा देऊ नये असा जाहीरनामा काढला आणि त्याला नाव दिलं मणिबेलीचं. महाराष्ट्रातल्या एका आदिवासी गावाचं नाव जगभर गेलं. आपल्या पाठ्यपुस्तकांनी ते आपल्या पोरांपर्यंत पोचवलं नाही.

सर्वोच्च न्यायालयात १९९४ मध्ये याचिका गेली. १९९५ मध्ये बांधकाम थांबलं, १९९९ मध्ये पुन्हा सुरू झालं आणि १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा मताने धरणाला मोकळी वाट मिळाली. त्या एका मताचं नाव न्यायमूर्ती एस. पी. भरुचा. आवश्यक अभ्यास न होताच १९८७ ची पर्यावरण मंजुरी दिली गेली, असं म्हणून त्यांनी काम थांबवायला सांगितलं होतं. बहुमताने मात्र पुनर्वसन होत जाईल तशी उंची वाढत जाईल, असं धरलं. उंची वाढत गेली. २००६ मध्ये ती १२१.९२ मीटरवर पोचली. जून २०१४ मध्ये दरवाज्यांना परवानगी मिळाली आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरला टेकलं. पुनर्वसन मात्र त्या वेगाने वर चढलं नाही. आजही त्या डोंगरात माणसं घोषित, अघोषित, सज्ञान मुलगा, अतिक्रमणधारक अशा रकान्यांत अडकलेली आहेत. सरकारी रकान्यात जो बसत नाही, त्याचं घर बुडूनसुद्धा बुडालेलं धरलं जात नाही.

“ते तिकडचं झालं, आपल्याकडे असं नाही,” हा दुसरा आक्षेप. आपल्याकडे काय आहे, ते मोर्शीला जाऊन पाहावं.

आमच्या जिल्ह्याचं सगळ्यात मोठं धरण म्हणजे सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा. त्यात पाणी अडून तीस वर्षं झाली. अमरावती शहर त्याचं पाणी पितं. मोर्शी, तिवसा, चांदूर रेल्वे, धामणगाव या पट्ट्यात त्याच्या कालव्यावर गहू-हरभरा होतो. माझ्या शेताला त्याच कालव्याचं पाणी लागतं. शेपटाकडे ते उशिरा येतं, कमी येतं, तरी येतं. हे पाणी मोर्शी, वरूड आणि आष्टी तालुक्यांतल्या माणसांनी सोडलेल्या जमिनीवर साठलेलं आहे. सत्तरच्या दशकात त्यांच्या जमिनी गेल्या, त्या काळच्या तुटपुंज्या भावाने. २०२३ च्या उन्हाळ्यात हेच लोक, त्यांची मुलं, त्यांची नातवंडं मोर्शीच्या तहसील कचेरीपुढे मंडप टाकून बसली. शंभर दिवस उलटले तरी कुणी दाद घेतली नाही, तेव्हा २९ ऑगस्ट २०२३ रोजी त्यातले काही जण मुंबईत मंत्रालयात गेले आणि वरच्या मजल्यावरून संरक्षक जाळीवर उड्या टाकल्या. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांना अप्पर वर्धाची आठवण झाली.

ज्या बापाने जमीन दिली, त्याच्या पोराला जाळीवर उडी मारून सांगावं लागतं की आमचं देणं बाकी आहे. हातात प्रकल्पग्रस्ताचा दाखला आहे, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे, आणि दाखला ट्रंकेत ठेवून वय निघून गेलेली माणसं गावोगाव आहेत. विदर्भातल्या इतर धरणांसाठी २००६ नंतर जमिनी सरळ खरेदीने घेतल्या गेल्या, भूसंपादन कायद्याच्या वाटेने नाही. त्यामुळे शेतकऱ्याला कोर्टात वाढीव मोबदला मागायची वाटच उरली नाही. वर्षानुवर्षं आंदोलन केल्यावर हेक्टरी ५ लाखांचं सानुग्रह अनुदान पदरात पडलं. हक्काचा मोबदला अनुदान म्हणून घ्यायची पाळी आली.

आणि आम्ही लाभक्षेत्रातले शेतकरी? आम्ही गप्प बसलो. मोर्शीच्या त्या मंडपात चांदूर, तिवसा, धामणगावच्या पाणी वापर संस्थांनी रांगा लावायला हव्या होत्या. कायद्याचाही कल तोच आहे. महाराष्ट्राने १९७६ मध्ये देशात सगळ्यांत आधी पुनर्वसनाचा कायदा केला, आणि त्याचं तत्त्व असं की धरणाच्या पाण्याने ज्याची जमीन बागायती होणार, त्या मोठ्या खातेदाराने स्लॅबप्रमाणे थोडी जमीन बुडणाऱ्यासाठी सोडावी. वरच्याचं पाणी घेतलं तर वरच्याला जमीन द्या, इतकं सरळ. राज्यभर लाभक्षेत्रातल्या खातेदारांनी काय केलं? घाईघाईने वाटण्या केल्या, सातबारे फोडले, त्यांवरचे पुनर्वसनाचे शिक्के उठवण्यासाठी पुढाऱ्यांच्या दारात चकरा मारल्या. विस्थापितांचा गुन्हेगार फक्त मंत्रालयात बसत नाही. तो लाभक्षेत्रातही राहतो, आणि तिथे मीही राहतो.

आमचं पाणी जायची वेळ आली तेव्हा मात्र आमचा आवाज फुटला. अप्पर वर्धाचं पाणी नांदगावपेठच्या औष्णिक वीज प्रकल्पाला द्यायचं ठरलं तेव्हा अमरावती जिल्हा पेटला होता. शेतीचं पाणी विजेला देऊ नका, आम्हाला विचारल्याशिवाय देऊ नका, असं आम्ही रस्त्यावर उतरून म्हणालो. बरोबरच म्हणालो. तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं की राज्याला वीज पाहिजे, कोनाले तं सोसाच लागते, तर आम्ही त्याला गावात उभं केलं नसतं. मग नर्मदेच्या माणसाने तेच शब्द उच्चारले की तो विकासविरोधी कसा होतो?

तिसरा आक्षेप शिकलेल्यांचा. कोळसा धूर करतो, जलविद्युत स्वच्छ आहे, हवामान बदलाच्या काळात धरणं हवीतच. वर्धेच्या खोऱ्यात राहणाऱ्याला कोळशाचं प्रेम असायचं कारण नाही, मलाही नाही. पण वीज स्वच्छ आहे की नाही हे चिमणीकडे बघून ठरत नाही. जंगल बुडवलं, गाळाची सुपीक जमीन बुडवली, माणूस उठवून शहराच्या झोपडपट्टीत टाकला, तर ती वीज मळलेलीच आहे. कोयनेने महाराष्ट्राला १९६० मेगावॅट दिले, हे खरं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगरला भूकंप झाला, पावणेदोनशेहून अधिक माणसं मेली, आणि जलाशयामुळे होणाऱ्या भूकंपाचं उदाहरण म्हणून जगभरचे शास्त्रज्ञ आजही कोयनेचं नाव घेतात, हेही खरं. कोयनेचे धरणग्रस्त साठ वर्षं उलटल्यावरही आपल्या जमिनींसाठी मोर्चे काढतात, हे तिसरं खरं. पहिलं खरं जाहिरातीत छापायचं आणि उरलेली दोन दाबायची, याला मी फसवणूक म्हणतो.

सरदार सरोवराच्या विजेचंच पाहा. १४५० मेगावॅटची यंत्रं बसवली. २०१९ मध्ये धरण काठोकाठ भरून पाहायचं होतं, म्हणून नदीपात्रातलं वीजघर बंद ठेवण्याची भूमिका गुजरातने घेतली आणि मध्य प्रदेशाने तिला विरोध केला. ज्या विजेच्या नावाने आपली ३३ गावं मागितली, ती वीज कधी होणार आणि कधी थांबणार, यावरसुद्धा आपलं राज्य ठामपणे बोलत नाही.

नदीकाठच्या लोकांना वीज नको आहे, हा तर शुद्ध खोटा आरोप. अक्राणीतल्या बिलगावला लोकांनी उदई नदीवर स्वतः वीजघर बांधलं. केरळहून आलेल्या तरुण अभियंत्यांनी यंत्र बसवलं, गावाने श्रमदान केलं, आणि जानेवारी २००३ मध्ये १५ किलोवॅटचा तो प्रकल्प सुरू झाला. एकही घर न उठवता पाड्यांवर दिवे लागले, आंदोलनाने चालवलेल्या जीवनशाळेत दिवा लागला. २००६ च्या पुराने तो उद्ध्वस्त केला. मोठ्या धरणावर खर्च झालेल्या पैशाचा कणभर भाग सरकारने सातपुड्याच्या ओढ्यांवर घातला असता, तर असे शंभर बिलगाव उभे राहिले असते. सरकारने तिकडे बघितलंच नाही, कारण बिलगावसारख्या कामात हजार कोटींचं टेंडर निघत नाही.

चौथा आक्षेप सगळ्यांत आवडता: “हे बाहेरचे लोक येऊन आदिवासींना भडकवतात.” या राज्यात हे बोलणाऱ्याला आपला इतिहास माहीत नाही. मोठ्या धरणाविरुद्ध जगातला पहिला संघटित लढा मुळशीला झाला. टाटा कंपनीला मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज हवी होती, आणि त्यासाठी नीला-मुळेच्या खोऱ्यातली पन्नासहून अधिक मावळी गावं. इंग्रज सरकारने १८९४ च्या भूसंपादन कायद्याचा दंडुका एका खाजगी कंपनीच्या हातात दिला. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट तिथेच सेनापती झाले आणि त्यासाठी त्यांनी सात वर्षांची शिक्षा भोगली. ते पारनेरचे, म्हणजे मुळशीला बाहेरचेच. लढा मोडला तो बाहेरच्यांमुळे नाही. मावळ्यांच्या जमिनी ज्यांच्याकडे गहाण पडल्या होत्या, त्या पुण्याच्या सावकारांनी मोबदला घेऊन अंग काढलं, म्हणून मोडला. कसणारा ‘जान किंवा जमीन’ म्हणत बसला आणि कागदावरचा मालक पैसे घेऊन मोकळा झाला.

आणि आपल्या विदर्भाचं काय? हिंगणघाटात जन्मलेले, वरोऱ्याला आनंदवन उभारणारे बाबा आमटे १९९० मध्ये सगळं सोडून नर्मदेकाठी कसरावदला जाऊन राहिले. त्याच्या आधी, १९८४ च्या सुमारास, त्यांनी आणि गडचिरोलीच्या माडिया-गोंडांनी इंद्रावतीवरचं भोपालपटनम आणि गोदावरीवरचं इंचमपल्ली या दोन धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ची हाक दिली. आदिवासी जंगलातून चालत गडचिरोलीला आले. ती धरणं आजपर्यंत झालेली नाहीत. विदर्भातल्या माणसांनी ‘नाही’ म्हटलं आणि ते ‘नाही’ टिकलं. त्याच चळवळीच्या मुशीतून गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावची ग्रामसभा घडली. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं पहिलं गाव तेच. धरण अडवणारे लोक नुसते अडवत नाहीत. आपला कारभार आपण करायला शिकतात, आणि राज्यकर्त्यांना भीती याचीच वाटते.

हा सगळा जुना इतिहास उगाळायचं कारण काय, असं कुणी विचारेल. कारण संकट जुनं झालेलं नाही. गोदावरी-कावेरी नदीजोडाच्या आराखड्यात इंचमपल्लीचं नाव पुन्हा आलं आहे. सिंभोऱ्याहून सुटलेलं आमच्या वर्धेचं पाणी प्राणहितेतून तिथेच पोचतं. जून २०२३ मध्ये राज्य सरकारने केंद्राच्या एनएचपीसी या जलविद्युत कंपनीशी सह्याद्रीतल्या ७३५० मेगावॅटच्या उदंचन जलविद्युत प्रकल्पांचा करार केला, खाजगी कंपन्यांशी केलेले करार वेगळे. एक धरण वर, एक खाली, वीज उरेल तेव्हा पाणी चढवायचं, गरज पडेल तेव्हा सोडायचं. हे सगळं डोंगरातल्या गावांच्या जमिनीवर आणि जंगलावर होणार. करार आधी झाले. ग्रामसभा कधी होणार?

आमच्या मेळघाटाच्या दारातही तेच आहे. वर्धा आणि तापी, दोघींचा उगम मुलताईचा. १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशाने तापी मेगा रिचार्ज या भूजल पुनर्भरण योजनेच्या करारावर भोपाळला सह्या केल्या. धारणीच्या वरच्या अंगाला खारिया-घुटीघाटला बंधारा होणार आहे. जुन्या, मोठ्या धरणाच्या आराखड्यात सत्तरहून अधिक गावं बुडणार होती, आताच्या आराखड्यात एकही गाव उठणार नाही, असं दोन्ही सरकारं सांगतात. हे खरं असेल तर मला आनंद आहे. मग धारणी तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेपुढे नकाशे कोरकू भाषेत समजावून ठेवा, बुडणाऱ्या जंगलाचा सर्व्हे नंबर वाचून दाखवा आणि ठराव घ्या. धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा १९९६ पासून आहे, वनहक्क कायदा २००६ पासून. सरकारला आपल्या म्हणण्याची खात्री असेल, तर त्याने ग्रामसभेपुढे उभं राहायला घाबरू नये. आणि हा बंधारा वऱ्हाडाच्या शेतीसाठी आहे, माझ्या जिल्ह्यालाही त्याचा लाभ आहे, म्हणूनच मी हे ठणकावून मागतो. कोरकू आदिवासीच्या संमतीशिवाय आलेलं पाणी मला माझ्या शेतात नको.

जगभर चित्र हेच आहे. अरुणाचलात सियांगवर ११ हजार मेगावॅटहून मोठं धरण आखलं आहे. तिथले आदी लोक सर्वेक्षणालाच नको म्हणाले, तर डिसेंबर २०२४ पासून निमलष्करी दलं पाठवण्याची भाषा सुरू झाली. होंडुरासमध्ये लेंका आदिवासींच्या नदीवरचं आग्वा सार्का धरण अडवणाऱ्या बेर्ता कासेरेस यांना मार्च २०१६ मध्ये त्यांच्या घरात घुसून मारलं, आणि त्या खुनात धरण कंपनीचा अध्यक्ष कोर्टात दोषी ठरला. जागतिक धरण आयोगाने २००० साली हिशेब मांडला. मोठ्या धरणांनी जगभरात ४ ते ८ कोटी माणसं उठवली होती. आकड्याच्या खालच्या आणि वरच्या टोकात ४ कोटींचा फरक आहे. इतकी माणसं कुणी मोजलीच नाहीत.

आता करायचं काय? हळहळ व्यक्त करून घरी जाणाऱ्यांसाठी मी हे लिहीत नाही. मागण्या स्पष्ट आहेत.

एक, ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कुठल्याही धरणाचं सर्वेक्षण नको. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात खाजगी प्रकल्पाला ८० टक्के आणि भागीदारीच्या प्रकल्पाला ७० टक्के बाधितांची संमती लागते, पण सरकारच्या स्वतःच्या प्रकल्पाला लागत नाही. ही पळवाट बुजवा. घर बुडवणारा कंत्राटदार आहे की सरकार, याने बुडणाऱ्याला काय फरक पडतो?

दोन, जुनं देणं आधी. कोयना, सरदार सरोवर, अप्पर वर्धा आणि विदर्भातल्या प्रत्येक धरणाच्या विस्थापितांची यादी गावनिहाय जाहीर करा, कुणाचं काय बाकी आहे ते त्यात लिहा, आणि ते फेडेपर्यंत नव्या मोठ्या धरणाच्या एकाही करारावर सही करू नका.

तीन, ही मागणी माझ्याच माणसांकडे. चांदूर रेल्वे, तिवसा, धामणगाव, मोर्शीतल्या अप्पर वर्धाच्या प्रत्येक पाणी वापर संस्थेने येत्या रब्बीच्या पाळीआधी सभा घ्यावी आणि धरणग्रस्तांच्या मागण्यांना पाठिंब्याचा ठराव करावा. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी. तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीत आपण सामुदायिक प्रार्थनेला बसतो. ज्याच्या जमिनीवरचं पाणी पिऊन आपण तिथे बसतो, त्याच्यासाठी एक ठराव करता येत नसेल तर ती प्रार्थना पुरी झाली असं मी मानत नाही.

चार, दरवर्षी १४ मार्च जगभर नद्यांसाठीच्या कृतीचा दिवस म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणं करू नका. बडनेऱ्याहून भुसावळमार्गे नंदुरबारची गाडी धरा, धडगावला जा, मणिबेली-डोमखेडीच्या लोकांना भेटा आणि त्यांच्या धरण्यात बसा. ते म्हणतील तसं बसा, त्यांच्या पुढे होऊन नाही.

यानंतरही कुणी मला टपरीवर सांगेल की देशासाठी कुणाला तरी सोसावं लागतं. त्याला माझं उत्तर तयार आहे. सोसायचं असेल तर आपल्या गावापासून सुरुवात करू, आपल्या ग्रामसभेत हात वर करून, आपल्या सातबाऱ्यावर सही करून. ते जमत नसेल तर नर्मदेच्या, तापीच्या, इंद्रावतीच्या, सियांगच्या माणसाला सोसायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो ‘नाही’ म्हणत असेल तर आपलं काम एकच आहे, त्याच्या शेजारी उभं राहून तेच ‘नाही’ मोठ्याने म्हणायचं.